दाणे नाहीत घातले, नुसतं कूट घातलंय: पोरांची अॅलर्जी आणि शाळेचा डबा

हे वाक्य माझ्या सख्ख्या नणंदेचं. शहापूरला तिच्या घरी साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवून, अगदी प्रेमानं. खोटं बोलत नव्हती हो ती, तिच्या लेखी दाणे म्हणजे अख्खे दाणे आणि कूट म्हणजे मीठ-साखरेसारखं काहीतरी जे भाजीत पडतंच. आणि आमचा बेळगावचा मुलूखच असा की शेंगा नाहीत असं काही शोधायचं म्हणजे दिवसा दिवा घेऊन फिरायचं. शेंगा चटणी, शेंगा पोळी, एण्णेगाईच्या वांग्यातलं सारण, भडंग, चित्रान्न, पंचमीची उंडी (म्हणजे लाडू), वर घाण्याचं तेल. अशा गावात माझ्या लेकीला शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली, अडीच वर्षांची असताना. आता ती तिसरीत आहे. मधल्या काळात जे शिकले ते सगळं इथं लिहून ठेवतेय, कारण दर जूनला कोणीतरी नवीन आई फोन करते आणि मी तेच तेच सांगत बसते.

माझी केस शेंगांची आहे म्हणून उदाहरणं शेंगांची येतील, पण दूध, अंडं, काजू, तीळ, मासे, गहू काहीही असलं तरी रीत तीच.

आधी नक्की काय आहे ते ठरवा

सगळं खाणं बाधतंय म्हणजे अॅलर्जी नव्हे. दूध पिऊन पोट फुगतं, गॅस होतो, पातळ होतं ते बऱ्याचदा दुधातली साखर न पचण्याचं असतं, त्रासदायक असतं पण जीवावरचं नसतं. अॅलर्जी म्हणजे शरीर त्या पदार्थातल्या प्रोटीनला शत्रू समजून उसळतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतं: अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, घसा खवखवतो, उलटी, खोकला, आवाज बसणं, धाप, पोर एकदम गळून जाणं. आपल्याकडं याला सरसकट 'पित्त उठलं' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात, तिथंच सगळा घोळ आहे.

तर पहिल्यांदा असं काही झालं की काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय दिसलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, फोटो काढा (गांधी डॉक्टरकडं पोचेपर्यंत विरून जातात, मग डॉक्टर काय बघणार) आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडून अॅलर्जीवाल्या डॉक्टरांकडं जा. ते तुमची हकीकत ऐकून स्किन प्रिक टेस्ट किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई टेस्ट सांगतील. एक सांगते, लॅबवाले शंभर पदार्थांचं पॅनेल करा म्हणतील, ते स्वतःहून करू नका. टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणारच असं नाही, त्या कागदावर दहा-बारा पदार्थ लाल रंगात येतात आणि आई बिचारी पोराचा भात-डाळ पण बंद करते. आयजीजी नावाचं पॅनेल तर अॅलर्जीसाठी कामाचंच नाही.

आणि आज्जी म्हणेल गाईचं दूध सोसत नाही तर शेळीचं घाल. नको. दोन्ही दुधांतली प्रोटीनं इतकी सारखी आहेत की बहुतेक पोरांना शेळीचंही बाधतं, म्हशीचंही. दिलासा एवढाच की दूध-अंड्याची अॅलर्जी बरीच पोरं मोठी होता होता मागं टाकतात. शेंगांची मात्र साधारण पाचातल्या एकाचीच जाते, त्यामुळं आमच्या घरी आता वाट बघणं बंद आहे, सवय लावून घेतलीय.

'चालत नाही' हा शब्द वापरू नका

ही माझी सगळ्यात मोठी चूक. पहिलीत घालताना मी बाईंना सांगितलं, "हिला शेंगा चालत नाहीत." बाई म्हणाल्या, बरं बरं. आपल्या भाषेत 'चालत नाही' कशालाही म्हणतात: उपवासाला चालत नाही, शुगर आहे म्हणून चालत नाही, आवडत नाही म्हणूनही चालत नाही. बाईंनी तेच समजून घेतलं, त्यांची तरी काय चूक.

नागपंचमी होऊन गेली होती, पोरं डब्यात उंड्या आणत होती. मैत्रिणीनं सांगितलं ही तिळाची आहे. लेकीनं अर्धी खाल्ली. ओठ खाजायला लागले, मग उलटी झाली, मग खोकला. शाळेत सगळ्यांना वाटलं उन्हातनं खेळून आलीय, पित्त झालंय. बाकावर झोपवलं, पाणी पाजलं, मला फोन आला तो चाळीस मिनिटांनी. मी पोचले तेव्हा डावी पापणी पूर्ण मिटलेली आणि "आई" म्हणाली ते बेडकासारखं ऐकू आलं. रिक्षातनं दवाखाना गाठला, तिथं मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि सात-आठ मिनिटांत आवाज परत आला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण एकदा उतरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतं.

तेव्हापासून मी बोलताना फक्त असं म्हणते: "शेंगदाणा पोटात गेला तर हिचा श्वास बंद होऊ शकतो." ऐकायला कडक वाटतं. वाटू दे.

कागद तीन भाषांत करा

आपल्या सीमाभागात हे वेगळं सांगायला लागतं. पोरगी मराठी, बाई कानडी, मॅनेजमेंट इंग्लिश, आयम्मा (शाळेतल्या मावशी) तिन्ही मिसळून बोलणारी. त्यामुळं एकाच ए-फोर कागदावर पोराचा फोटो, नाव, वर्ग आणि तोच मजकूर मराठी, कानडी, इंग्लिशमध्ये. कानडी मजकूर भाषांतराच्या अॅपवर सोडू नका, शेजारच्या अक्कांकडनं वाचून घ्या. कारण बघा, आमच्या भागातल्या कानडीत शेंगदाण्याला 'शेंगा'च म्हणतात, पण म्हैसूर-बेंगळूरकडच्या बाई आल्या की त्या म्हणतात 'कडलेकायी' किंवा 'कडलेबीज', आणि नुसतं 'कडले' म्हणजे तर हरभरा! आमच्या कागदावर दोन्ही शब्द आहेत. अंड्याचंही तसंच, इकडं 'तत्ति' म्हणतात, तिकडं 'मोट्टे'. तीळ म्हणजे 'एळ्ळु', काजू म्हणजे 'गोडंबी', दूध 'हालु'.

आयम्माला तोंडी सांगायचं वाक्य मी पाठच केलं: "इकीगे शेंगा कोडब्याड्री, आगिबरंगिल्ला, उसिरु कट्टतैति." हिला शेंगा देऊ नका, सोसत नाहीत, श्वास कोंडतो. माझं कानडी ऐकून ती हसली, पण तिला ते शब्दन् शब्द लक्षात राहिलं, हसली म्हणूनच राहिलं असेल.

कागदावर काय काय: कशाची अॅलर्जी, ते कुठल्या कुठल्या पदार्थांत लपतं, लक्षणं, लक्षणं दिसली तर काय करायचं (ते पुढं सांगते), दोन फोन नंबर, औषध कुठं ठेवलंय आणि खाली डॉक्टरांची सही-शिक्का. सही-शिक्का लागतोच. आईनं लिहिलं तर 'काळजी करणारी बाई आहे', डॉक्टरांनी लिहिलं तर 'मेडिकल मॅटर'. तीन प्रती लॅमिनेट करा: एक वर्गाच्या कपाटाच्या दाराला आतून, एक स्टाफरूममध्ये, एक दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.

शाळेत कोणाला भेटायचं

शाळा उघडायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, तेव्हा शिक्षक असतात आणि निवांत असतात. मुख्याध्यापकांना भेटाच, पण खरं काम वर्गाच्या बाई, पीटीचे सर, आयम्मा आणि व्हॅनवाले मामा यांच्याकडं. व्हॅनमध्ये पोरं घरी जाता जाता उरलेला डबा संपवतात, हे मला दुसरीत कळलं.

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर अक्षर दासोहचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या योजनेतलं दुपारचं जेवण असतं. तिथं मुख्याध्यापकांपेक्षा स्वयंपाक करणाऱ्या अक्का महत्त्वाच्या. अन्न-सांबार बहुतेक दिवशी ठीक असतं, पण चित्रान्न किंवा पुळिओगरे (चिंचेचा भात) असेल त्या दिवशी फोडणीत शेंगा असतातच. अंडं न खाणाऱ्या पोरांना केळं देतात, मधली काही वर्षं शेंगदाणा चिक्कीही वाटायचे. म्हणजे अंड्याची अॅलर्जी आहे म्हणून हात वर केला की हातात चिक्की, आणि दोन्हीची असली तर बोला! दुधाची अॅलर्जी असेल तर क्षीरभाग्यचं, म्हणजे सरकारी शाळेत फुकट मिळणारं दूध सांभाळा, २०१३ पासून चालू आहे ते. पावडरचं दूध म्हणजे पण दूधच. पोराचं नाव 'दूध न देण्याच्या' यादीत लिहून घ्या, तोंडी सांगू नका, कारण बदलीवर नवीन बाई आल्या की प्रेमानं ग्लास पुढं करतात.

पूर्ण शाळेत शेंगा बंद करा अशी मागणी मी केली नाही. काही आया करतात. बेळगावात ती पाळली जाणार नाही, कारण कोणाला कूट म्हणजे शेंगा वाटतच नाहीत, आणि बंदी आहे म्हणून आपण गाफील राहणार ते वेगळंच. त्यापेक्षा मी तीन गोष्टी मागितल्या आणि तिन्ही मिळाल्या. डबा खाताना लेक ठरलेल्या दोन मैत्रिणींबरोबर बाकाच्या टोकाला बसते (वेगळी एकटी नाही, ते पोराला फार लागतं). वर्गात कोणी कोणाच्या डब्यातलं खायचं नाही हा नियम सगळ्यांना, हिच्या एकटीला नाही. आणि खाऊन झाल्यावर सगळी पोरं साबणानं हात धुतात. सॅनिटायझर चालत नाही इथं, त्यानं जंतू मरतात पण शेंगदाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं. साबण-पाणी, नाहीतर ओले वाइप्स.

शेंगांच्या नुसत्या वासानं काही होत नाही शक्यतो, पोटात जाणं हाच खरा धोका. हे बाईंना सांगा, नाहीतर त्या घाबरून पोराला वर्गाबाहेर बसवतात.

डब्यात काय

आमच्या घरात शेंगा पूर्ण बंद केल्या नाहीत, सासऱ्यांना चटणीशिवाय भाकरी जात नाही. पण चटणीचं मिक्सरचं भांडं, चमचा, डबा सगळं वेगळं, वरच्या फळीवर. खलबत्त्याचा दगड कितीही धुतला तरी भरवसा नाही, म्हणून लेकीच्या लसणाला वेगळा छोटा खल. तेल बदललं. घाण्याच्या शेंगतेलात प्रोटीन उरतं, रिफाइंडमध्ये ते जवळजवळ निघून जातं, पण आम्ही दोन्हीच्या वाटेला न जाता सूर्यफुलावर आलो.

डब्याला रोज उप्पीट (काजू न घालता), भाकरी-तूप-गुळाचा रोल, थालीपीठ, इडली, नाचणीचे लाडू, मोड आलेल्या मटकीची उसळ. शेंगा चटणीच्या जागी डाळ्या-खोबऱ्याची चटणी, मीठ-लसूण जरा जास्त घातला की कोणी ओळखत नाही. खिचडीत कुटाऐवजी ओलं खोबरं. भडंगाची हौस चिरमुरे, डाळ्या, कढीपत्ता आणि भरपूर लसूण यांच्यावर भागवते. इथं एक थांबून बघा, शेंगदाणा हा मुळात कडधान्याच्या घराण्यातला, त्यामुळं काही पोरांना हरभरा-डाळ्या-बेसनही बाधतं. डॉक्टरांना विचारून मगच द्या.

आमच्या इकडचे गोड पदार्थ: कुंदा दुधाचा, शेंगावाल्याला सहसा ठीक, दूधवाल्याला अजिबात नाही. गोकाकचं करदंट म्हणजे काजू-बदाम-डिंकच, नट्सवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा. हॉटेलात इडलीबरोबरच्या पांढऱ्या चटणीत खोबरं कमी आणि शेंगा नाहीतर डाळ्या जास्त असतात, विचारल्याशिवाय नाही.

पॅकेटवरचं वाचायची सवय लावा. एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा बघणारी संस्था) २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि नट्स, सोयाबीन आणि सल्फाइट हे असेल तर वेगळं लिहावं लागतं, 'कंटेन्स' अशा ओळीत. 'मे कंटेन' लिहिलं असेल तर त्याच मशीनवर दुसरं काहीतरी बनतंय असा अर्थ, आम्ही ते घेत नाही. तीळ या यादीत नाही! अमेरिकेत २०२३ पासून तीळ लिहावाच लागतो, आपल्याकडं नाही, तर तीळवाल्यांनी घटकांची पूर्ण यादी भिंगातनं वाचायची. हिरवा ठिपका बघून दूधवाल्यांनी फसू नये, दूध व्हेजच असतं. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण असतो. आणि बेकरीतली सुट्टी बिस्किटं, खडेबाजारातल्या बरणीतली चिक्की, फरसाण यांना लेबलच नसतं, म्हणून सुट्टं काहीच नाही. लेकीला मी कानडी लिपीतला 'शेंगा' हा शब्द ओळखायला शिकवला, गावातल्या छोट्या पॅकेटांवर कधी कधी तेवढंच लिहिलेलं असतं.

सणवार आणि बड्डे

रोजचा डबा आपल्या हातात असतो, धोका असतो तो खास दिवसांना. बड्डेची चॉकलेटं, १५ ऑगस्टचे बुंदी लाडू, संक्रांतीचं एळ्ळू-बेल्ला (त्यात तीळ, शेंगा, खोबरं सगळंच), गणपतीचा प्रसाद. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, पण मिठाई वाटतात काही शाळांत, बाकीचा वाद आपण बाजूला ठेवू, मिठाईत काय आहे तेवढं बघा. बाईंच्या कपाटात लेकीच्या नावाचा डबा आहे, त्यात तिला चालणारी चॉकलेटं. कोणी काही वाटलं की ती घेते, थँक्यू म्हणते, बाईंकडं देते आणि आपल्या डब्यातलं एक घेते. ते वाटलेलं घरी येतं, मी लेबल वाचते, जमलं तर तिला, नाहीतर दादाला. दादा खूश.

प्रसादाला नाही म्हणायला मोठ्यांनाच जड जातं. आमच्या भटजीकाकांना विचारलं, तर म्हणाले कपाळाला लावला तरी पोचतो. ते वाक्य मी आता सगळीकडं वापरते.

आणि झालंच तर

कागदावरचा हा भाग सगळ्यात मोठ्या अक्षरात असू दे. नुसत्या चार गांधी किंवा ओठाला खाज: डॉक्टरांनी सांगितलेलं सेट्रिझिनसारखं औषध, आणि पोराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, बाथरूमला पण एकटं नाही. पण खोकला, घरघर, आवाज बदलणं, जीभ सुजणं, चक्कर, किंवा गांधी आणि उलट्या एकदमच, यातलं काहीही दिसलं तर थेट अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. सेट्रिझिन खाज थांबवतं, श्वास वाचवत नाही. दम्याच्या पोरांना इनहेलर द्यावा पण तो अॅड्रेनालिननंतर, आधी नाही.

इंजेक्शन दिलं की १०८ ला फोन. पोराला आडवं झोपवून पाय उंच, धाप असेल तर टेकून बसवा. उठवायचं, चालवायचं नाही, गेटपर्यंत पण नाही, उचलून न्या. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून कायम दोन ठेवायचे.

पेनासारखी तयार इंजेक्शनं परदेशात सर्रास मिळतात, आपल्याकडं सहज मिळत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि १ एमएलची सिरिंज असा छोटा डबा करून दिलाय (इन्सुलिनची सिरिंज नव्हे, तिची सुई आखूड आणि माप वेगळं). डोस वजनावर, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. हे मी माहितीसाठी लिहिलंय, भरायचं कसं ते डॉक्टरांसमोर बसून शिका. वर्गाच्या बाई आधी नाहीच म्हणाल्या, आमच्याकडनं नाही होणार वो ताई, काही झालं तर? मग मी पालकांचं संमतिपत्र आणि डॉक्टरांचं पत्र दिलं, आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर साध्या पाण्यानं मोसंब्यावर सराव केला. बाईंचा हात थरथरत होता. आयम्मानं मात्र एका झटक्यात टोचलं, वर म्हणाली म्हशीला दिलंय की आम्ही. तुमची शाळा तयारच नसेल तर शाळेपासून पाच मिनिटांवर कुठला दवाखाना आहे तिथं स्वतः जाऊन विचारा, अॅड्रेनालिन ठेवता का, आणि त्याचं नाव कागदावर घाला.

तो डबा फ्रिजमध्ये नको, खिडकीत नको, गाडीच्या डिकीत तर एप्रिल-मेमध्ये अजिबात नको. आणि कुलूप लावलेल्या कपाटात नको! आमच्याकडं पहिले दोन महिने किल्ली क्लार्ककडं होती आणि क्लार्क दुपारी जेवायला घरी.

ट्रिपला राजहंसगड, कित्तूर जवळ आहे, तेवढं काही नाही. गोकाकला धबधब्यापेक्षा करदंटाच्या दुकानांचीच काळजी. आंबोली किंवा चोर्ल्याच्या बाजूला गेले तर घाटात रेंज जाते, म्हणून दोन्ही डोस बरोबर जाणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये, बसच्या मागच्या सामानात नाही.

पोरांनी चिडवलं तर? होतं ते. एका पोरानं हिच्या तोंडासमोर शेंग नाचवली होती. मी त्याच्या आईला फोन केला, भांडायला नाही, त्या दिवशीचा सुजलेल्या पापणीचा फोटो पाठवायला. पोरगा दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणाला, आता तोच वर्गात सगळ्यांचे डबे तपासत फिरतो. लपवून मात्र ठेवू नका. मुलीची जात आहे, उद्या स्थळ बघताना नाव निघेल असं मला घरातलंच कोणीतरी म्हणालं होतं, मी म्हटलं उद्या बघायला ती राहायला तर पाहिजे.

दरवर्षी मेमध्ये लेकीला वजनकाट्यावर उभी करते. गेल्या वर्षी २२ किलो, यंदा २४. डोस बदलला, अँप्युलची एक्स्पायरी बघितली, नवीन फोटो लावून कागद पुन्हा लॅमिनेट केला. आणि जुने तिन्ही कागद शाळेत जाऊन स्वतःच्या हातानं काढून आणले, नाहीतर कपाटाच्या दाराला दोन कागद, दोन डोस, आणि ऐनवेळी वाचणाऱ्यानं कुठला धरायचा?